खांद्यावर कोण होतं

दादा,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला मंडपात पुढच्या रांगेत बसलो होतो आणि मला तुझा हेवा वाटत होता. रडूही येत होतं, ते खोटं नव्हतं, पण हेवा त्याच्या आधी आला. माणूस गेल्यावर तरी हे संपेल असं मी धरून चाललो होतो. संपलं नाही. तू समोर असतास तर हे बोललो नसतो. बोललो असतो तरी ‘चहा घे बे, गार होऊन राह्यला’ म्हणून तू विषय दुसरीकडे नेला असतास.

तुझ्याकडे बाबा होते. माझी सगळी तक्रार एवढीच आहे. ते तापाने गेले तेव्हा तू शाळेत जायला लागला होतास आणि मला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. घर एक, बाप एक. पण तुला तो मिळाला आणि मला त्याचा फोटो मिळाला. तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. त्यात बाबांच्या शेजारी दुसऱ्याच माणसाचा अर्धा खांदा आहे. लहानपणी मी त्या खांद्याकडे बघत बसायचो आणि मला त्या अनोळखी माणसाचाही राग यायचा.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत माय आपल्याला उजाडायच्या आधी उठवायची. बोडीच्या पारीवर, त्या लहान तळ्याच्या बांधावर, आपलं झाड होतं. मायने खालचा पाचोळा आधीच जाळून जमीन मोकळी केलेली असायची, म्हणजे पडलेलं फूल लगेच दिसावं. माय दुसऱ्या झाडाकडे गेली की तू बुंध्याला टेकून बसायचास.

“टोपली भरली का एक गोष्ट,” तू म्हणायचास.

“बाबाची?”

“मंग का गावच्या पाटलाची सांगू?”

मी दोघांच्या वाटची फुलं वेचायचो. कमरेत वाकून, बोटं चिकट होईपर्यंत. तू सांगत बसायचास. बाबा तोंड न उघडता, नाकातून हसायचे. तू तसं हसून दाखवायचास. त्यानंतर कितीतरी दिवस मी नाकातून हसत फिरलो आणि मायला वाटलं पोराला सर्दी झाली. बाबा बैलांशी बोलताना त्यांना ‘जी’ म्हणायचे आणि माणसांना ‘बे’. बाबा भात कालवताना आधी वरण डावीकडे घ्यायचे. मी आजही तसंच घेतो. ते त्यांच्याकडून आलं नाही, टोपली भरून तुझ्याकडून मिळालेलं आहे, हे जेवताना मला कधी विसरता आलं नाही.

सगळ्यांत मोठी गोष्ट नदीची. वैनगंगेच्या पलीकडे मामाचं गाव, आणि उन्हाळ्यात मामा नदीच्या रेतीत खरबुजांची डांगरवाडी लावायचा. बाबा गेले त्याच वर्षीचा उन्हाळा. रेतीतून वाहणारी एक धार त्या दिवशी कंबरभर होती. बाबांनी पोराला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, “कान धर लेका. कान सोडला का दोघंबी गेलो.” पोराने दोन्ही कान लगामासारखे घट्ट धरले आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडले नाहीत. पलीकडे गेल्यावर बाबांचे कान लाल झाले होते. ते नाकातून हसले.

ही गोष्ट मी शाळेत माझी म्हणून सांगितली. मुद्दाम नाही, दादा. मला ती खरोखर आठवत होती. पायाखाली पाणी, हातात कान, मामाच्या वाडीवरची झोपडी. तुला माझ्या वर्गातल्या एका पोराकडून ते कळलं तेव्हा तू चौकात सगळ्यांसमोर हसलास.

“अबे, तो मी होतो. तू तं नव्हताच तिथी. तुले बुढ्या आजीजोळ घरी ठेवलं होतं.”

“होतो मी. मले आठवते.”

“काय आठवते? मी सांगतलं ते आठवते तुले.”

मायला विचारलं तर ती म्हणाली, “कोणता तरी एक होता बाप्पा खांद्यावर.” तिच्या मागे घर होतं, शेत होतं, सासू होती. खांद्यावर कोण होतं हे ध्यानात ठेवायला तिला वेळ नव्हता. पुढे तीही गेली आणि आपला वाद तसाच राहिला. आपण मोठे झालो, दोघांची लग्नं झाली, तरी तो अधूनमधून निघायचा आणि प्रत्येक वेळी तू त्याच सहजपणे म्हणायचास, “तू नव्हताच.” ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला हे असं सहज बोलता येतं.

मी मानसशास्त्र घेतलं ते यामुळेच, असं आज म्हणालो तर ते नंतर जुळवलेलं असेल. पण ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकवायला लागलो आणि स्मृतीचं प्रकरण आलं, तेव्हा पुस्तकाने तुझीच बाजू घेतली. तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी माणसाला सहसा आठवत नाही. मेंदू तेव्हा ते टिकवायला तयार झालेला नसतो, आणि भाषाही आलेली नसते, म्हणून घडलेलं बांधून ठेवायला दोरी नसते. मोठ्यांकडून ऐकलेलं मात्र मन इतकं छान रंगवतं की ते आपणच पाहिलं असं वाटायला लागतं.

वर्गात मी मुलांना पहिली आठवण सांगायला लावतो. एका मुलीने आपलं बारसं आठवतं म्हणून सांगितलं. सगळे हसले. मी म्हटलं, हसू नका, माझ्याकडेही असली एक आठवण आहे, आणि नदीची गोष्ट सांगितली. मग फळ्याकडे वळून म्हणालो, “ही माझी नाही. माझ्या भावाची आहे. इतक्यांदा ऐकली की मनाने मला तिच्यात नेऊन बसवलं.” उदाहरण चांगलं होतं, मुलांना पटायचं, म्हणून मी ते पुढेही वापरत राहिलो. दरवर्षी वर्गात उभा राहून मी बाप तुला परत करायचो आणि दरवर्षी घरी येताना चडफडत यायचो.

ती चडफड त्या मंडईच्या दिवशी बाहेर आली. दिवाळीनंतरची आपल्या गावची मंडई, जत्राच ती, घर पाहुण्यांनी भरलेलं. जेवणं झाल्यावर अंगणात तू माझ्या बायकोला, सुनंदाला, नदीची गोष्ट सांगत होतास. स्वतःचेच कान धरून दाखवत होतास. सगळे हसत होते. सुनंदा माझ्याकडे वळून म्हणाली, “दादाले किती बारीक आठवते. तुमाले काऊन काईच आठवत नाई जी?”

तिने मस्करीच केली होती. मला ती झोंबली.

“दादा,” मी म्हटलं, “आठवण पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखी नसते. दर वेळी सांगताना माणूस ते नव्यानं विणते. आन तू तं ही गोष्ट हजारदा सांगतली. आता तिच्यात बाबा किती उरले असन?”

“म्हंजे मी खोटं बोलून राह्यलो का?”

“खोटं नाई. पण खरं बी नाई.”

तू हसायचा प्रयत्न केलास. “मोहाच्या टोपलीसाठी दोनचार बनवल्या असन गा मी. आता कबूल करतो, सगळ्यांसमोर. पण ही नाई. बाबाचा आवाज आजबी माह्या कानात हाय.”

“तो आवाज तुहाच असन,” मी म्हटलं.

वहिनी ताटं उचलत होती, तिचा हात थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. अंधारात पाय ठेवायच्या आधी माणूस जमीन चाचपतो तसं. मग उठून हात धुवायला गेलास. हात तू आधीच धुतले होतेस.

मी तुला अर्धाच धडा सांगितला होता. सांगून सांगून आठवण बदलते हे खरं, पण ती टिकते तीही सांगूनच. न सांगितलेली बहुतेक विरून जाते. तपशील सरकतात, पण गाभा पुष्कळदा जागेवर असतो. आणि एखाद्या माणसाचा आवाज त्याच्या मुलाच्या कानात आहे की नाही, हे बाहेरून ठरवायची सोय कुठल्याही शास्त्राकडे नाही. हे सगळं मला त्या दुपारीही ठाऊक होतं. मुलांना मी दोन्ही बाजू शिकवतो. तुला एकच शिकवली, कारण मला तुझा बाप मोडायचा होता. मला नाही तर तुलाही नको, एवढं साधं होतं ते.

त्यानंतर माझ्यासमोर तू बाबांचं नाव काढलं नाहीस. ब्रह्मपुरीला यायचास, कधी बियाण्यासाठी, कधी डोळे दाखवायला. जेवायचास. धानाचं बोलायचास, वाघाचं बोलायचास, की आता मोहाला जायचं तर दहा जणांनी हाकारे करत जावं लागतं. एकदा मीच वाट करून दिली. विचारलं, बाबा विडी ओढायचे की तंबाखू खायचे? तू भात कालवत म्हणालास, “मले काय मालूम? तूच सांग, प्राध्यापक.” सुनंदा हसली. तू हसला नाहीस. मी पुढे बोलायला हवं होतं. त्याच ताटावर सांगता आलं असतं की दादा, त्या दिवशी मी अर्धंच बोललो. मी तुला आणखी भात वाढला.

मनात म्हणायचो, सांगू कधीतरी, तो काय कुठे जातो. मग एका दुपारी तुझ्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेताना आरमोरीच्या रस्त्यावर जीपमध्येच तू गेलास.

काल भंतेजींनी वंदना घेतली, मेणबत्त्या लागल्या आणि लोक एकेक करून तुझ्या आठवणी सांगायला उभे राहिले. आपल्याकडची ही रीत मला नेहमी आवडत आली आहे. कोणीही उठावं, माईक घ्यावा आणि गेलेल्या माणसाविषयी आपल्याकडचं काही द्यावं. काल मात्र मला ते ऐकवेना. टोल्यावरच्या वस्तीतले मडावी काका काठी टेकत उठले आणि म्हणाले, “आमी दोघं रातभर वावर राखत होतो. हा रानडुकरं पळवाले गाणं म्हणे. आवाज नव्हता त्याले. पण लाज बी नव्हती. डुकरं तं डुकरं, माही झोप बी पळे.” मंडप हसला. मीही हसलो आणि हसता हसता आत काहीतरी कडवट झालं. तू गातोस हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्या गावाकडे तू होतास. माझ्याकडे एक वाद होता.

मग तुझी लेक उठली. प्रज्ञाने माईक दोन्ही हातांनी धरला. ती म्हणाली, “बाबा आमाले आजोबाची एक गोष्ट नेहमी सांगत. आजोबानं काकाले खांद्यावर घेऊन नदी पार केली होती. काका लहान होते. आजोबा म्हणाले, कान धर लेका. बाबा मागून पायी पायी आले, आजोबाच्या सदऱ्याचं टोक धरून. बाबा म्हणत, आजोबाचं मन काकावर लय होतं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायांच्या बाजूने कुणीतरी पदर डोळ्याला लावला.

दादा, जे मी लहानपणापासून मागत होतो ते असं भरमंडपात माझ्या हातात पडलं. तुझ्या लेकीच्या तोंडून, साक्षीदारांसमोर. आणि मला काय वाटलं, सांगू? मला तुझा आणखी हेवा वाटला. ज्याच्याकडे इतकं आहे की तो देऊनही टाकू शकतो, त्याचा. पाठोपाठ दुसरी शंका आली. तू हे दिलं होतंस की तुझ्याकडून ते निसटलं होतं? मी तुझी आठवण इतकी हलवून ठेवली होती का, की खांद्यावर आपण होतो याचीच तुला खात्री उरली नाही आणि तू रिकामी जागा मला देऊन टाकलीस? दोन्ही गोष्टी ऐकायला सारख्याच. मी आयुष्यभर हेच शिकवलं आणि मला फरक करता येईना.

सूत्रसंचालन करणाऱ्याने तेवढ्यात माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. गप्प राहून बसलो असतो तरी ती आठवण कायमची माझी झाली असती. गावात कोणी हरकत घेणारं नव्हतं.

मी म्हणालो, “प्रज्ञा, खांद्यावर तुझा बाप होता.”

मनाचा मोठेपणा नव्हता तो. मला ती आठवण तुझ्याकडून दान म्हणून नको होती. इतकंच बोलून बसायचं ठरवलं होतं. पण सगळे वाट पाहत होते, आणि माझं तोंड पुढे चालू झालं.

“मी मागं होतो,” मी म्हणालो. “मायच्या कडेवर. दादा वर, बाबाच्या खांद्यावर. मले त्याची पाठ दिसत होती. धारेच्या मधात त्यानं एक कान सोडला, मागं वळला आन मले जीभ दाखवली.”

मंडपात पुन्हा हसू उठलं. मडावी काका बसल्या जागेवरून म्हणाले, “असाच होता गा तो.”

मी मात्र हसलो नाही. हे मी कुठून आणलं, दादा? तू कान सोडलास असं तू कधीच सांगितलं नाहीस. तुझ्या गोष्टीत कान पलीकडे पोचेपर्यंत सुटत नाहीत, गोष्टीचा जीवच त्यात आहे. तुझ्या गोष्टीत मी नाही, माय नाही, जीभ तर नाहीच. आणि तरी बोलताना मला ते दिसत होतं, आणि त्याच्याही आधी पोटात काहीतरी कळत होतं. मला वर जायचं होतं. तू वर होतास. तो हेवा मला कुणी सांगितलेला नाही. तो मी टोपली भरून मिळवला नाही. तो सगळ्यांत जुना आहे, बाबांच्या फोटोपेक्षा जुना. आणि हेवा वाटायला तिथे असावं लागतं.

माझ्या वर्गातली मुलं यावर लगेच हात वर करतील. सर, त्या वयाचं आठवत नाही असं तुम्हीच म्हणाला होता. सर, मोठेपणीचा हेवा तुम्ही मागे नेऊन तिथे ठेवला असेल. बरोबर आहे. मी त्यांना पूर्ण गुण देईन. मंडपात उभं राहून मला ते आठवलं की सुचलं, हे मलाही सांगता येणार नाही.

जेवणं चालू असताना मी मागच्या चुलीपाशी गेलो. वहिनी एकटीच बसली होती. मी विचारलं, “वहिनी, दादा पोरांना असं कधीपासून सांगायचा?”

“तुमी मंडईले बोलून गेले ना भाऊजी, त्याच्या मंगन.”

“का सांगायचा तसं?”

ती जाळ मागे ओढत राहिली. “मी बी विचारलं. तुमचीच गोष्ट ना जी ते, मंग त्याइले काऊन बसवता खांद्यावर? एकदा म्हणे, त्याच्याजोळ बाबाचं काईच नाई, राहू दे त्याले. एकदा म्हणे, आता मलेच पक्कं दिसत नाई.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मले वाटते दोनी खरं असन.”

मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, “जेवून घ्या आता.”

संध्याकाळच्या आधी निघालो. मोटारसायकलवर मागे सुनंदा. वैनगंगेच्या पुलावर तिने गाडी थांबवायला सांगितली. खाली रेती पसरलेली, तिच्यात तीनचार धारा वेगवेगळ्या चाललेल्या, पलीकडे कुणाच्या तरी डांगरवाड्या. ती कठड्याला टेकून बघत राहिली. मग तिने विचारलं, “कोणत्या धारेतून गेले होते तुमी?”

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत खांद्यावर कोण यावर आपण भांडलो, पण नदीत कुठे उतरले होते हे मी तुला एकदाही विचारलं नाही. ती जागा तुला ठाऊक असणार. गावाच्या घाटावरून उतरले की खालच्या अंगाने, डाव्या हाताला की उजव्या. तू सहज सांगितलं असतंस. चुकीचं सांगितलं असतंस तरी ते तुझं असतं, मला त्यावर भांडता आलं असतं.

सुनंदा वाट बघत होती. मी दोन नंबरच्या धारेकडे बोट दाखवलं. तिने नीट पाहून घेतलं आणि मान हलवली. आता पुढच्या वेळी पुलावरून जाताना ती कुणाला तरी सांगेल की हे लोक इथून गेले होते, आणि मी नाही म्हणणार नाही, दादा. काही दिवसांनी मलाही तीच धार आठवेल.